नाव गुलाबाचं, गंध रोशाचा

फरशी पुसायच्या फिनाईलच्या बाटलीवर हल्ली जांभळी फुलं छापलेली असतात. साबणाच्या वडीवर तीच, धुतलेल्या कपड्यांना वास लावणाऱ्या द्रावावर तीच, उदबत्तीच्या पुड्यावरही कधी कधी तीच. लॅव्हेंडर! आपल्यापैकी बहुतेकींनी हे झाड डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी त्या नावानं जो वास विकला जातो, तो मात्र घरोघरी ओळखीचा झाला आहे.

झाड गुणी आहे, यात शंका नाही. मूळचं ते भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ, कोरड्या प्रदेशातलं. त्याच्या नावाचा संबंध धुणं या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात, कारण रोमन लोक स्नानाच्या पाण्यात त्याची फुलं टाकत अशी समजूत आहे. युरोपातल्या बायका त्याच्या सुकलेल्या तुऱ्यांच्या पुरचुंड्या कपड्यांच्या कपाटात ठेवत. वास तर येईच, शिवाय लोकरीला कसर लागत नसे. उशाशी ठेवलं की झोप लागते म्हणत, डोकं दुखलं की कपाळाला तेल चोळत. बागेच्या कडेला लावलं की मधमाश्या गोळा होत. आपल्याकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या थंड डोंगरात, आता त्याची चांगली शेती होते आणि मक्याऐवजी लॅव्हेंडर लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती चार पैसे येतात.

पण बुऱ्हाणपुरात ते कसं जगावं? इथं वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि आषाढ-श्रावणात काळ्या मातीत पाणी साचतं. लॅव्हेंडरला हे दोन्ही सोसत नाही. रोपवाटिकेतून कुंडी आणली तर दिवाळी ते होळी तिचं कौतुक करायचं, पुढं ती आपली राहत नाही.

मग आपल्या मातीत असं काही नव्हतंच का? होतं, आणि अजून आहे. त्याची गोष्ट सांगावी म्हणूनच हा लेख.

डोंगरातलं गवत

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला असीरगडाकडे जाताना सातपुड्याच्या उघड्या, खडकाळ उतारांवर पावसाळ्यानंतर कमरेएवढं, कुठं डोक्याएवढं गवत उभं असतं. पान चुरगाळलं की हाताला गुलाबासारखा गोड वास लागतो, त्यात थोडी लिंबाची झाक. हे रोशा गवत. कुणी रोहिस म्हणतं, कुणी तिखाडी, हिंदीत रूसा. आपल्या परसातल्या गवती चहाचं हे सख्खं भावंडच. दोघांचं कुळ एक, फक्त गवती चहात लिंबाचा वास वरचढ आणि रोशात गुलाबाचा.

रोशातही दोन जाती आहेत. कोरड्या, उन्हाच्या उतारावर येतो तो मोतिया. त्याचा वास गोड आणि तेलाला भाव जास्त. दाट, ओलसर जंगलात येते ती सोफिया. तिचा वास जरा उग्र, आल्याच्या वळणाचा. आश्विन-कार्तिकात, म्हणजे चातुर्मास संपत येतो तेव्हा, गवत फुलावर येतं आणि तेल त्या तुऱ्यांतच सगळ्यात जास्त असतं.

आता रसायनशास्त्रातली एक गंमत सांगते. लॅव्हेंडरच्या वासात ज्याचा मोठा वाटा, त्या द्रव्याचं नाव लिनालूल. रोशाच्या वासात मुख्य आहे ते जिरॅनिऑल. दोन्हींच्या एकेका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. सामान तेच, मांडणी वेगळी. एकाच पिठाची एकीनं पोळी करावी आणि दुसरीनं पुरी, तसं हे.

हमामातली नात आणि अत्तर काढणारी आजी

सुवासाचा विषय निघाला की बुऱ्हाणपूरच्या माणसाला शाही किल्ल्यातला हमाम आठवतोच. फारुकी सुलतानांनी वसवलेलं हे शहर १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर पुरतं मोगलांच्या हाती आलं आणि त्यांच्या दक्षिण सुभ्याचं मुख्य ठाणं झालं. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. तो अजून शाबूत आहे. किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगीत वेलबुट्टी आहे. मुमताजमहल इथंच राहिली, इथंच १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली, आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं होतं. हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

पण मुमताजच्या आजीचं नाव किती जणींना ठाऊक आहे? तिचं नाव अस्मत बेगम. नूरजहानची आई आणि मुमताजचे वडील आसफखान यांचीही आई. जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर जो तवंग येतो, तो अस्मत बेगमनं थोडा थोडा करून गोळा केला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर तयार झालं. एका थेंबानं हात चोळला तर अख्खी सभा दरवळून जाते, असं त्याचं कौतुक झालं. बादशहानं बेगमला मोत्यांची माळ दिली. अत्तराचं नाव मात्र ठेवलं गेलं ‘इत्रे जहांगिरी’.

बघा कसं असतं! तवंग टिपणारे हात बाईचे, चिकाटी बाईची, आणि नाव बादशहाचं. गुलाबाच्या अत्तराच्या आरंभीच असं झालं, हे लक्षात ठेवा. कारण पुढं दोनअडीचशे वर्षांनी याच अत्तराच्या बाजारात आपल्या डोंगरातल्या गवताचंही नाव असंच पुसलं गेलं.

निमाडचं तेल

अठराव्या शतकाच्या शेवटी टिपू सुलतानाशी युद्ध चालू असताना क्लॉड मार्टिन नावाचा मूळचा फ्रेंच, पण कंपनी सरकारच्या चाकरीत असलेला लष्करी अधिकारी दख्खनच्या बालाघाट पठारावर फिरत होता. छावणीतली गुरं एक गवत अधाशासारखी खातात आणि मग त्यांच्या दुधालोण्याला त्याचा वास येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं बी गोळा करून लखनौला नेलं आणि कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातल्या विल्यम रॉक्सबर्गलाही मिळालं. रॉक्सबर्गनं गवताला मार्टिनचं नाव दिलं. आजही रोशाच्या शास्त्रीय नावात मार्टिनच आहे. ज्या गुराख्यांना हे गवत पिढ्यान्पिढ्या माहीत होतं, ते त्या नावात कुठंच नाहीत.

एकोणिसाव्या शतकात या गवताचं तेल व्यापारात आलं ते आपल्या मुलखाच्या नावानं: निमाडचं गवती तेल. इंग्रजी कागदांत त्याचाही उच्चार बिघडून ‘नमार’ झाला, पण निदान नाव तरी गावाचं होतं. निमाड, वऱ्हाडचे डोंगर आणि तापीच्या कडेकडेनं खाली खानदेशापर्यंत हा धंदा पसरला होता. पश्चिम खानदेशात आधी पिंपळनेरच्या बाजूला भट्ट्या होत्या. तिथं गवत बेसुमार कापलं गेल्यावर त्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकल्या. १८७९-८० च्या हंगामात खानदेशात जवळजवळ दोनशे भट्ट्या लागल्याची सरकारी गॅझेटियरात नोंद आहे.

भट्टी म्हणजे काय, तर ओढ्याकाठी मांडलेली मोठी चूल. त्यावर लोखंडी नाहीतर तांब्याची कढई. तिच्यात गवताचे तुरे दाबून भरायचे, पाणी घालायचं, झाकण ठेवून लगद्यानं फटी लिंपायच्या. झाकणातून बांबूची नळी निघायची, ती ओढ्याच्या वाहत्या गार पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात. आत वाफ थंड झाली की खाली पाणी आणि वर तेल. ते अलगद काढून घ्यायचं. अस्मत बेगमनं महालात जे केलं, तेच इथं झाडाखाली धुरात डोळे चोळत माणसं करत होती. शंभर किलो गवतातून अर्धा किलोसुद्धा तेल हाती येत नसे. हा धंदा मुख्यतः मुसलमान भट्टीवाल्यांच्या हातात होता. कातडी बुधल्यांत भरलेलं तेल बैलांवर लादून कुंडाईबारीच्या घाटातून सुरतेला जाई, नाहीतर धुळे-मनमाडवरून मुंबईला. १८७० पर्यंत बुऱ्हाणपुरावरून मुंबई-जबलपूर रेल्वे सुरू झाली, तेव्हा निमाडच्या मालालाही मुंबई जवळ आली.

गुलाबाच्या बुरख्यात

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथं त्याचं नाव बदललं. तुर्क त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणू लागले. युरोपातले व्यापारी ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणू लागले. ना ते तुर्की, ना ते जिरेनियमचं! जिरेनियमच्या पानांचं तेल ही वेगळीच वस्तू. वास थोडा मिळताजुळता, एवढंच.

आणि एवढं तेल जात होतं कशासाठी? गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. त्या काळी तुर्की साम्राज्यात असलेलं कझानलिक, म्हणजे आजच्या बल्गेरियातलं गुलाबांचं खोरं, अत्तरासाठी जगभर प्रसिद्ध होतं. एक किलो अत्तराला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. साहजिकच ते सोन्याच्या भावानं विकलं जाई. मग रोशाचं तेल लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळायचं, उथळ भांड्यांत उन्हात ठेवायचं, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो आणि रंग फिका होतो. नंतर ते अत्तरात ओतायचं. काही ठिकाणी तर भट्टीत घालण्याआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत, म्हणजे चोरी सापडायलाच नको.

पण गिऱ्हाईकही काही दुधखुळं नव्हतं. अस्सल गुलाबाचं अत्तर थंडीत गोठतं, रोशाचं तेल गोठत नाही. म्हणून घेणारे कुपी थंड करून बघत. यावर भेसळ करणाऱ्यांनी उपाय काढला: देवमाशाच्या डोक्यातून निघणारं मेण थोडं घालायचं, की अत्तर पुन्हा गोठल्यासारखं दिसतं.

इथं मी थबकते. कुठं सातपुड्यातलं निरुपद्रवी गवत आणि कुठं समुद्रात भाल्यानं मारलेला तो प्रचंड जीव! एक खोटं लपवायला दुसरं खोटं, आणि त्या दुसऱ्या खोट्यासाठी हिंसा. आपल्याकडे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक कमी-जास्त मापाचा, आणि शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे हलकी वस्तू भारी वस्तूसारखी करून विकणं. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना भेसळ चोरीत का मोजतात, हा प्रश्न बहुतेकींना पडतो. खोटेपणात मोजायला हवी, असं वाटतं. रोशाची हकिगत वाचली की उत्तर मिळतं. घेणाऱ्याचे पैसे तर चोरले जातातच, पण ज्या वस्तूला दडवलं तिचं नावही चोरलं जातं. रोशाचा गंध जगातल्या मोठमोठ्या घरांतल्या रुमालांवर पोचला, आणि तो रोशाचा आहे हे कुणालाच कळलं नाही.

दोष फक्त दूरदेशीच्या लोकांना देऊन चालणार नाही. आपल्या बाजूलाही तेलात टर्पेंटाइन मिसळलं जाई. मग शुद्ध माल काढणाऱ्यालाही भाव मिळेना. एकानं भेसळ केली की प्रामाणिक माणसाचा धंदा बसतो, हे सांगायला अर्थशास्त्राचं पुस्तक नको. आपल्या बाजारपेठेत वाढलेल्या प्रत्येक घराला ते माहीत आहे.

याच्या अगदी उलट बुऱ्हाणपुरी कापडाचं. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच प्रवासी इथं येऊन गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, रशिया, पोलंडपर्यंत जातं आणि सोन्यारुप्याच्या पट्ट्यांच्या ओढण्यांना बायकांची मोठी मागणी असते, असं त्यानं लिहिलं. ते कापड बुऱ्हाणपूरचं म्हणूनच विकलं जाई. त्यामुळे कापडाचा इतिहास आज आपण सांगू शकतो. त्याच तुर्कस्तानात गेलेल्या तेलाचा इतिहास मात्र भेसळीच्या प्रकरणांतून वेचून काढावा लागतो.

कडी तर पुढंच आहे. १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून त्याचं मुख्य गंधद्रव्य वेगळं काढलं. नाव काय द्यावं? बाजारात तेलाला जिरेनियमचं म्हणत, म्हणून त्यानं दिलं जिरॅनिऑल. म्हणजे जे द्रव्य पहिल्यांदा रोशातून शुद्ध रूपात निघालं, त्याच्यावर कायमचा शिक्का बसला तो न मिसळलेल्या जिरेनियमचा. व्यापाऱ्याची लबाडी अशी शास्त्राच्या पुस्तकातही जाऊन बसली.

आता आपल्या घरात

आज रोशाचं तेल ‘पामारोसा’ या नावानं मिळतं. ते साबणात, अत्तरात, तंबाखूला वास द्यायला वापरलं जातं. तंबाखूचं सोडून देऊ. आपल्या घरात त्याचे उपयोग किती तरी आहेत, आणि युरोपातल्या बायका लॅव्हेंडरकडून जे जे करून घेत, त्यातलं बरंच हे गवत करतं.

कपाटाचं पाहा. डांबराच्या गोळ्यांची वाफ किड्यांना मारते आणि आपल्याही छातीत जाते. सुकलेल्या रोशाच्या तुऱ्यांची मलमलच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी साड्यांत ठेवली तर तिच्या वासानं कीड सहसा जवळ येत नाही. जीव मारण्यापेक्षा त्याला दुसरीकडे जायला लावणं, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. धान्यात कडुलिंबाचा पाला, पुस्तकांत वेखंडाचा तुकडा, रेशमात वाळ्याच्या मुळ्या हे त्यांनी त्याच विचारानं ठेवलं. पुरचुंडीचा वास दोन-तीन महिन्यांत उतरतो. मग ती बदलायची.

डासांचंही तसंच. खोबरेल तेलाच्या दोन चमच्यांत रोशाच्या तेलाचे चार-पाच थेंब घालून हातापायांना लावलं तर काही तास डास दूर राहतात. गुडघेदुखीला तिळाच्या तेलात मिसळून चोळायची जुनी रीत आहे. ऊब येते, आराम वाटतो. फरशी पुसायच्या बादलीत थोडे थेंब टाकले तर घर दिवसभर प्रसन्न राहतं. एवढं मात्र सांभाळा: हे तेल नुसतं अंगाला लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, तान्ह्या मुलांपासून दूर ठेवायचं, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं.

लावायला सोपं आहे. बी बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळून ज्येष्ठात पसरट कुंडीत पेरायचं आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोपं वीतभर अंतरापेक्षा थोडी लांब लावायची. भरपूर ऊन हवं, पाणी साचायला नको, खताचे लाड नकोत. फुलावर आलं की जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं. पुन्हा फुटतं. एकदा लावलं की तीन-चार वर्षं चिंता नाही. जंगलातून मात्र मुळासकट उपटून आणू नका. पिंपळनेरचं गवत कसं संपलं ते वर आलंच आहे. शिवाय वनस्पतीही एकेंद्रिय जीवच. लागेल तेवढंच कापायचं आणि मूळ राखायचं.

आणि ती फिनाईलची बाटली? तिच्यातला वास बहुधा कारखान्यात बनवलेला असतो. त्यात वाईट असं काही नाही, स्वस्त वस्तू सगळ्यांना हवीच. पण बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावू या. पुढं फुलाचं चित्र आणि मागं फुलाचं नावही नाही, असं असेल तर जांभळ्या फुलांसाठी जादा पैसे कशाला मोजायचे? मुलींनाही हे दाखवावं, आणि असीरगडाच्या वाटेवर दिवाळीनंतर जाणं झालं तर गाडी थांबवून एक पान त्यांच्या हातात चुरगाळून द्यावं. गुलाबासारखा वास येतो, असं त्या म्हणतील. तेव्हा त्यांना सांगावं, हा रोशाचा वास आहे.